शस्त्र, गर्दी आणि जबाबदारी

बंदूक माणसाला मारीत नाही, माणूस माणसाला मारतो, असा युक्तिवाद अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाचे विरोधक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गुन्ह्याची जबाबदारी व्यक्तीची आहे, तेव्हा सरकारने गुन्हेगाराला शिक्षा करावी. सज्जनाच्या घरातील बंदुकीकडे पाहू नये, असा त्याचा आशय. विरोधी पक्षाचे म्हणणे असे, की शस्त्र सहज हाताशी असले म्हणजे क्षणाचा राग खुनापर्यंत जातो. म्हणून शस्त्रावरच निर्बंध हवा. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत दर शंभर माणसांमागे सुमारे १२० खाजगी बंदुका आहेत आणि भारतात सुमारे पाच. त्यामुळे हा वाद आपला नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु शस्त्र कोणाच्या हाती असावे आणि ते चालले तर जबाबदार कोणाला धरावे, हा प्रश्न या देशात अमेरिकेच्या जन्माआधीपासून आहे. त्याचे उत्तर येथे जातीने दिले होते. आणि भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावाने तर या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली आहे.

चातुर्वर्ण्याने शस्त्र एका वर्णाच्या हाती दिले व शूद्रातिशूद्रांच्या हातून काढून घेतले. खालच्या वर्गांनी या व्यवस्थेविरुद्ध बंड का केले नाही, याची मीमांसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या निबंधात केली आहे. शस्त्र, विद्या आणि धन या तिन्ही गोष्टी नाकारल्या गेल्याने त्यांना प्रतिकार करताच आला नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. इंग्रजी अमदानीत महारांना लष्करात जागा मिळाली. पण १८९२ च्या सुमारास ती भरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत अनेकांनी सरकारकडे अर्ज केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा मधे जवळजवळ अर्धशतक गेले होते. शस्त्र धरण्याची मागणी ही आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने माणूस म्हणून दर्जा मिळविण्याची मागणी होती, हे विसरून शस्त्रनियंत्रणाची चर्चा करता येणार नाही.

दुसरीकडे सरकारनेही शस्त्राचा धाक घेतला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मनाई केली. राष्ट्रीय चळवळीचा या कायद्यावर मोठा रोष होता, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. तिला विरोध केला तो बाबासाहेबांनी. ज्यांच्या हातून शस्त्र हिरावले गेले त्यांचाच नेता शस्त्राचा हक्क नाकारतो, हे वरवर पाहणाऱ्यास विसंगत वाटेल. त्यांचे म्हणणे असे होते, की बदललेल्या परिस्थितीत व्यक्तीच्या शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा राज्यावर संकट आले असता शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे. आणि ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घ्यावे, अशी मोकळीक दिली तर राज्याला आपले काम करणेच अशक्य होईल.

या भूमिकेचे मर्म आपण नीट समजून घेतले पाहिजे. विषम समाजात शस्त्राचा हक्क सर्वांना सारखा दिला तरी तो सारखा वापरला जात नाही. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि कचेरीत ओळख आहे त्याच्याच घरी बंदूक येते. ज्याला खरा धोका आहे त्याच्या घरी येत नाही. १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारातील लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ दलितांना ठार केले, आणि २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने या खटल्यातील सव्वीस जणांना निर्दोष सोडले. माणूस माणसाला मारतो हे खरे. पण अठ्ठावन्न माणसे मारणारा माणूस न्यायालयात सापडत नाही, तेव्हा व्यक्तिगत जबाबदारीच्या गप्पांना अर्थ काय उरतो?

अमेरिकेचा अनुभव वेगळा नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन ओकलंडच्या रस्त्यांवर पोलिसांवर नजर ठेवू लागले. तेथील कायद्याने ते चूक नव्हते. पण काळ्या माणसाच्या हाती बंदूक दिसताच त्याच वर्षी मल्फर्ड कायदा आला व उघडपणे भरलेली बंदूक बाळगण्यास बंदी झाली. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. त्या पँथरचे नाव १९७२ साली मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेला घेतले. बंदूक मात्र घेतली नाही. शब्द, सभा, मोर्चा ही त्यांची साधने राहिली.

आता भिवंडीकडे येऊ. ७ मे १९७० रोजी येथे शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि तिच्यातून दंगल पेटली. जळगाव व महाड येथेही ती पसरली. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने एक गोष्ट नमूद केली आहे. शस्त्रे बाळगण्यास बंदी असताना खेड्यांतून आलेल्या मिरवणूकवाल्यांनी लाठ्यांना भगवे झेंडे व फलक बांधून त्या आणल्या. कायद्याच्या दृष्टीने तो झेंडा, गर्दीच्या दृष्टीने ती लाठी. एकट्या भिवंडीत सत्तरहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. माग जळाले, घरे जळाली. या संहारासाठी बंदुकीच्या दुकानात कोणाला जावे लागले नाही.

येथे शस्त्र कायद्याची मर्यादा दिसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागतो. भिवंडी शहरात तो ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडून घ्यावा लागतो. नियमांप्रमाणे तलवार, खंजीर आणि नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. पण घरकामाची, शेतीची व कारखान्याची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. ती वगळणे भागच आहे, नाहीतर शेतकऱ्याने कोयता कसा धरावा? मुंबई पोलीस कायदा १९५१, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या ३७ व्या कलमाखाली काही काळापुरती लाठ्याकाठ्या व दगड जवळ बाळगण्यावरही बंदी घालता येते. मात्र रॉकेल, काडेपेटी आणि झेंड्याची काठी यांना कायमची बंदी कोणी घालू शकत नाही. २००६ साली खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांना ठार करताना गावकऱ्यांनी बंदूक वापरली नव्हती. तेव्हा केवळ वस्तूवर नियंत्रण ठेवून माणसाचे रक्षण होईल, हा समजही अपुराच ठरतो.

मग परवान्याचा उपयोग काय? परवाना शस्त्राला एका माणसाचे नाव चिकटवतो. ती बंदूक चालली तर कोणाला विचारायचे, हे आधीच ठरलेले असते. नियंत्रण आणि व्यक्तिगत जबाबदारी या एकमेकींच्या वैरिणी आहेत असे जे दाखविले जाते ते म्हणूनच खोटे आहे. नियंत्रणामुळेच जबाबदारी नावावर येते. गर्दी नेमके उलट करते. ती हत्याराचे नाव पुसते. लाठी कोणाची, पेटता बोळा कोणी टाकला, घोषणा कोणी दिली? उत्तर एकच : जमावाने. आणि जमावाला फाशी होत नाही. भिवंडीतील गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकावर मादन आयोगाने पक्षपाताबद्दल कठोर ताशेरे ओढले. पक्षपाती तपास म्हणजे जबाबदार माणसाचे नाव दुसऱ्यांदा पुसणे होय.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण १९७० च्या दंगलीत होरपळलेल्या त्याच महाडने पूर्वी घालून दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या सत्याग्रहींवर सवर्णांनी लाठ्यांनी हल्ला केला. सत्याग्रहींत लष्करात नोकरी केलेले, शस्त्र चालवून आलेले महार होते. ते प्रतिकाराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले व कायद्याचा मार्ग धरला. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. शस्त्र चालविता येत असून हात आवरणे आणि हल्ला करणाऱ्याला त्याच्या नावानिशी न्यायालयात उभे करणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र घडल्या. जबाबदारीचा याहून चांगला धडा आपल्या इतिहासात नाही.

परंतु ज्याने शस्त्र राज्याच्या हाती सोपविले त्याला राज्याच्या शस्त्राचाही हिशेब मागता आला पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला व दहा जणांना मारले. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला दोषी धरले. सत्र न्यायालयाची शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. सरकारी बंदुकीची नोंद वहीत असते, गोळ्यांचा हिशेब असतो, आदेश देणाऱ्याचे नाव असते. तेथेही जबाबदारी ठरायला बारा वर्षे लागतात, तर गर्दीच्या लाठीचे काय!

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. या नियमांतील तिसऱ्या नियमाकडे आपल्या कार्यकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात दलितेतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शस्त्रपरवाने द्यावेत, असे तो नियम सांगतो. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्षाची कैद आहे. शस्त्रनियंत्रणाचा प्रश्न जातीच्या वास्तवाला धरून मांडणारा हा नियम आहे. आपल्या हाती बंदूक द्या, ही मागणी करण्याआधी बलवानाच्या हातची बंदूक काढून घ्या, ही मागणी आपण केली पाहिजे. जेथे राज्य रक्षण करीतच नाही तेथे परवान्याचा हक्कही सोडता कामा नये. पण दहा गुंठ्यांच्या धन्याला एक बंदूक देऊन शंभर एकरांच्या धन्याशी त्याची बरोबरी होत नाही, हे भान ठेवावे.

भिवंडीत १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि त्या त्या मोहल्ल्यातील हिंदू-मुसलमान रहिवासी नियमित एकत्र बसू लागले. अफवा आली तर कोणाला विचारायचे, भांडण झाले तर कोणी मधे पडायचे, हे माणसागणिक ठरले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. लाठ्या, कोयते, रॉकेल सारे त्या वेळीही गावात होतेच. बदलले होते ते एवढेच, की मोहल्ल्यातला माणूस आता निनावी उरला नव्हता. शेजाऱ्याला त्याचे नाव माहीत होते आणि आपले नाव शेजाऱ्याला माहीत आहे, हे त्याला माहीत होते.

दंगलीची मिरवणूक निघते तेव्हा पुढे कोण असतो, याचा विचार आपल्या तरुणांनी करावा. मागावर बारा तास राबणारा, नाक्यावर रोजंदारीची वाट पाहणारा पोर पुढे असतो. खटला त्याच्यावर, जामीन त्याच्या बापाला, जळालेला माग शेजाऱ्याचा. घोषणा लिहिणारा मात्र घरी असतो. माणूस माणसाला मारतो हे वाक्य आपण मान्य करू. पण मग त्या माणसाचे नाव सांगा, असे आपण म्हटले पाहिजे. काठीला झेंडा बांधणाऱ्याचे, झेंड्याआड काठी आहे हे पाहूनही मिरवणूक जाऊ देणाऱ्याचे आणि गर्दीत मिसळून आपले नाव विसरू पाहणाऱ्याचेही.