स्वयंचलित खिडकी-पडद्यासाठी मोटर व चालक-मंडल यांची निवड

सातारा व सांगली ही दोन्ही शहरे सुमारे १७ उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ माथ्यावर असतो व खिडकीवरील छज्जा त्याला सहज अडवितो. परंतु दुपार कलली, की पश्चिमेकडील खिडकीपुढे छज्जाचा उपयोग उरत नाही. उतरते ऊन थेट खोलीत शिरते, आणि नेमक्या त्याच वेळी घरातील माणसे बहुधा कामावर असतात. पडदा आपोआप खाली यावा ही अपेक्षा म्हणूनच केवळ हौसेची म्हणता येणार नाही. असा पडदा घरी तयार करताना मोटर व तिचे चालक-मंडल कोणत्या तत्त्वावर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भार पाहू. नळीवर गुंडाळला जाणारा कापडी पडदा १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच आहे, कापडाचे वजन दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम आहे व तळाच्या पट्टीचे ४०० ग्रॅम आहे, असे समजा. एकूण वजन सुमारे १.१२ किलोग्रॅम होते. नळीची त्रिज्या १९ मिलिमीटर असल्यास पडदा पूर्ण खाली असताना लागणारे परिबल, म्हणजे फिरविण्याचा जोर, सुमारे ०.२१ न्यूटन-मीटर येते. पडदा वर गेल्यावर कापडाच्या थरांमुळे त्रिज्या वाढते हे खरे. तथापि लोंबणारे वजन तिच्याहून झपाट्याने घटते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या कापडाची अखेरची त्रिज्या सुमारे २४.५ मिलिमीटर होते आणि परिबल ०.१ न्यूटन-मीटरहूनही कमी होते. या पडद्याचा कमाल भार आरंभीच येतो.

बांबूच्या चिकाची स्थिती नेमकी उलट आहे. चिक खालून वर गुंडाळला जातो. दोरीचे एक टोक वर बांधलेले असते, ती गुंडाळीखालून येऊन कप्पीवरून पुढे जाते. येथे गुंडाळी स्वतःच चल-कप्पीचे काम करते. म्हणून दोरीतील ताण उचललेल्या वजनाच्या निम्मा असतो, मात्र दोरी दुप्पट ओढावी लागते. गुंडाळी जसजशी वर जाते तसतसे तिचे वजन वाढते. तीन किलोग्रॅमच्या चिकासाठी १० मिलिमीटर त्रिज्येच्या रिळावर अखेरीस सुमारे ०.१५ न्यूटन-मीटर परिबल येते. म्हणजे चिकाची मोटर प्रवासाच्या शेवटी सर्वाधिक श्रमते. यावरून, केवळ वजन पाहून मोटर घेणे योग्य नाही. कोणत्या स्थितीत किती भार येतो हे आधी मांडावे. धारव्यांतील घर्षण व कापडावर साचणारी धूळ लक्षात घेऊन हिशेबाच्या दुप्पट परिबल धरावे.

आता शक्तीचा विचार करू. वरील कापडी पडदा ३० सेकंदांत वर न्यावयाचा झाल्यास वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर व नळीचे फेरे मिनिटास सुमारे २५ पडतात. यासाठी लागणारी यांत्रिक शक्ती अवघी अर्ध्या वॅटच्या आसपास आहे. पडदा उचलणे ही मुळी अडचणच नव्हे. उचललेला पडदा तासन् तास तसाच धरून ठेवणे, ही खरी अडचण होय.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हा भेद नवा नाही. पंप बंद झाल्यावर नळातील पाण्याचा स्तंभ मोटर धरून ठेवीत नाही. ते काम फूट व्हॉल्व्ह करतो. पडद्याच्या यंत्रात हेच काम मळसूत्री दंतचक्र करते. त्याच्या आट्यांचा चढ पुरेसा कमी असला, की घर्षणामुळे भार मोटरला उलट फिरवू शकत नाही. याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते, कारण असे दंतचक्र निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात घालविते. परंतु मुळात गरजच अर्ध्या वॅटची असल्याने हा तोटा सहज सोसवतो.

स्टेपर मोटरचा मार्ग वेगळा आहे. ती ठराविक पायऱ्यांनी फिरत असल्याने पडदा निम्म्यावर किंवा पाव भागावर अचूक थांबविता येतो. परंतु तिची धारणशक्ती वेटोळ्यांतील प्रवाहावर अवलंबून असते. दर वेटोळ्याचा रोध ३.५ ओहम व प्रवाह १.२ ऍम्पिअर असल्यास दोन वेटोळ्यांत मिळून सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे स्थिर पडद्यासाठी दररोज जवळजवळ पाव युनिट वीज. थांबल्यावर प्रवाह निम्मा केला तर उष्णता चतुर्थांशावर येते, पण धारणशक्तीही घटते. वळवाच्या पावसात वीज गेली, की पडदा खाली घसरण्याची भीती राहतेच. मळसूत्री दंतचक्र जोडले तर मात्र स्टेपरचाही प्रवाह निःशंकपणे तोडता येतो.

चालक-मंडल मोटरच्या चालू प्रवाहावरून निवडू नये. साधी मोटर अडकली असता प्रवाहाला केवळ वेटोळ्याचा रोध उरतो. १२ व्होल्ट व ४ ओहम असता हा प्रवाह ३ ऍम्पिअर होतो, मग चालताना तो ०.४ ऍम्पिअर का असेना! मंडलाने हा मोठा प्रवाह सोसला पाहिजे. शिवाय एल-२९८ सारख्या जुन्या मंडलात १ ऍम्पिअरला सुमारे २ व्होल्ट मंडलातच खर्ची पडतात. स्टेपरसाठी ए-४९८८ सारखे प्रवाह मर्यादित करणारे मंडल योग्य; त्याची मर्यादा मोटरच्या अंकित प्रवाहावर बसवावी. टीएमसी-२२०९ ने आवाजही बराच कमी होतो.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावून प्रत्येकास योग्य दिशेचा डायोड समांतर जोडावा. टोक गाठताच साध्या मोटरचा प्रवाह तुटतो, पण उलट दिशेचा मार्ग मोकळा राहतो. संगणकीय नियंत्रक बिघडला तरी हे संरक्षण कायम राहते. जेथे मोटर कापडाजवळ व माणसांच्या अनुपस्थितीत चालते, तेथे ते ऐच्छिक मानता येणार नाही.

भंगार बाजारात मिळणारी मोटारगाडीच्या दाराची काच वर-खाली करणारी मोटर मळसूत्री असल्याने या कामास मोहक वाटते. पण ती गोंगाट करते व अडकल्यास १० ऍम्पिअरहून अधिक प्रवाह ओढते. तिच्यासाठी घ्यावे लागणारे चालक-मंडल व वीजपुरवठा पाहता ही काटकसर महागच पडते.

सारांश, रोज केवळ टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या पडद्यास मळसूत्री दंतचक्राची १२ व्होल्टची छोटी मोटर व दोन लिमिट स्विच पुरेसे आहेत. मधल्या स्थिती नेमक्या हव्या असतील तरच स्टेपरचा खर्च सार्थ ठरतो. कोणतीही मोटर घेतली तरी विजेविना पडदा जागच्या जागी राहील, ही कसोटी तिने प्रथम उतरावी.