टाक्यांना टाटा?

तळेगाव ढमढेरेच्या उसात कोयता हाताला लागला की टाके ठरलेलेच. छोट्या जखमेला डॉक्टर ग्लूही लावतात. हा फेविक्विकच्याच घराण्यातला, पण जरा सोवळा. यकृताचं काय? ते इतकं नाजूक, की टाका घातला तर दोराच चिरत जातो. त्यात रक्ताने ओलं झालेलं, तिथे बरेचसे ग्लू हात टेकतात.

२०१४ मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या टीमने भन्नाट आयडिया लढवली: ग्लूच नको! पाण्यात फक्त सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, नॅनोकण. जखमेच्या दोन्ही कडा या कणांना चिकटतात आणि मध्ये कणांचाच पूल होतो. उंदरांच्या यकृतातला रक्तस्राव असाच थांबला! मात्र हे कण पोटात किती दिवस मुक्काम ठोकणार, हे कळेपर्यंत आपलं यकृत पुढे करायची घाई नको.