हार्ट अटॅक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘काल संध्याकाळपर्यंत चांगला ठणठणीत होता हो!’ हार्ट अटॅकने माणूस गेला की दारात जमलेल्यांच्या तोंडून हे हमखास ऐकू येतं. मग हा आजार अचानकच येतो, नशिबात असेल तर टळत नाही, ही समजूत पक्की होते. प्रत्यक्षात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात चरबी ऐन तारुण्यापासून साठू लागते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते, रक्ताची वाट बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. झटका मिनिटांत येतो, पण त्याची तयारी कित्येक वर्षं चालू असते. ही वर्षं आपल्या हातातली असतात आणि पुढच्या गैरसमजांपायी ती वाया जातात.

गैरसमज १: आमच्या घराण्यातच आहे, काय करणार?

वस्तुस्थिती: आई-वडिलांना कमी वयात हृदयविकार झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो, हे खरं. पण ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या गोष्टींशी जोडलेला आढळला. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या न खाणं आणि व्यायाम नसणं या त्यातल्या प्रमुख. याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. घराण्यात हृदयविकार असेल तर काळजी लवकर सुरू करायची, हात टेकायचे नाहीत.

गैरसमज २: मी सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू मळतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे आणि मशेरी लावणारे कितीतरी जास्त आहेत. तोंडाच्या कॅन्सरची भीती सगळ्यांना माहीत असते; हृदयाचं कुणी सांगत नाही. गालात धरलेल्या चिमटीतलं निकोटिन थेट रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. धूम्रपान करणाऱ्यांनी ‘दिवसाला एकच’ म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण एका सिगारेटनेही हृदयाचा धोका बराच वाढतो. ती पूर्ण सोडली तर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

गैरसमज ३: बीपी वाढलं तर कळतंच, आणि नॉर्मल आलं की गोळी बंद.

वस्तुस्थिती: बहुतेकांना वाढलेला रक्तदाब जाणवतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, धमन्यांचं नुकसान मात्र होत राहतं. गोळी चालू असताना आकडा नॉर्मल येतो, तो गोळीमुळे. मनाने ती बंद केली की बीपी पुन्हा चढतं. डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

गैरसमज ४: आम्ही सैंधव आणि ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ तेल वापरतो.

वस्तुस्थिती: कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, डब्यावरच्या त्या शब्दांनी तेल जास्त वापरायची मुभा मिळत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. आता ताट पाहा. भाजी-आमटीत मीठ आहेच. वर पापड, लोणच्याची फोड, चटणी, ताकात चिमूटभर, आणि चार वाजता चहासोबत फरसाण. एवढ्यात चमचा कधीच ओलांडलेला असतो. भाजीतलं मीठ थोडं कमी करा आणि पापड-लोणचं रोजच्या ताटातून काढून सणावारी ठेवा.

गैरसमज ५: दिवसभर घरात राबते, वेगळा व्यायाम कशाला? शिवाय मी बारीक आहे.

वस्तुस्थिती: घरकामाने हालचाल होते, पण दम किंचित वाढेल असं सलग चालणं त्यात क्वचितच असतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. बारीक माणसालाही पोट सुटलेलं असेल तर धोका असतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. हार्ट अटॅक हा पुरुषांचाच आजार नाही. पाळी थांबल्यावर स्त्रियांचाही धोका झपाट्याने वाढतो.

गैरसमज ६: ॲसिडिटी असेल, सकाळी बघू.

वस्तुस्थिती: छातीत दाब, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, मळमळ यांना गॅस समजून सोडा पिऊ नका. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. तो गॅसच आहे की हृदयाचं दुखणं, हे घरी ठरवता येत नाही, त्यासाठी ईसीजी लागतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका; १०८ला फोन करा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. काही दुखत नाही म्हणून ती पुढे ढकलू नका. याच आठवड्यात जा आणि घरातल्या मोठ्यांनाही सोबत न्या.