वेवजीचा काळा दगड फिशटँकमध्ये

वेवजी-तलासरीकडचा कातळ म्हणजे दख्खनचा काळा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फिशटँकसाठी याहून चांगला दगड विकत आणायची गरज नाही. मात्र त्यातले पांढरे ठिपके, शिरा नीट पाहा. ते कॅल्साइट असेल तर हळूहळू विरघळून पाणी जड करते. सुक्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड नको. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपलेही त्याच कारणाने नकोत. गंजाचे डाग, तेलाचा वास असलेले दगडही टाळा.

दगड साबणाविना ब्रशने घासा, आठवडाभर भिजवा, पाणी रोज बदला. उकळू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. ओहोळातून मोजकेच दगड उचला, त्यांच्याखाली खेकडे राहतात.