डोळे मिटून सिलेक्ट करा!

मजकूर सिलेक्ट करायचा म्हणजे माऊस धरा, ओढा, सोडा. झालं! असं तुम्हाला वाटतं ना? मग स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या आमच्या कोथरूडच्या मैत्रिणीला भेटाच. तिने या एका कामासाठी आपला कीबोर्ड चक्क स्वतःच्या मापाने शिवून घेतलाय.

शुक्रवारची संध्याकाळ. कर्वे रोडवर ट्रॅफिक नेहमीसारखा तुंबलेला, कॉफी शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि आमचा ग्रुप फुल फॉर्मात. फक्त डहाणूकर कॉलनीतून येणारी मैत्रीण गायब. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, 'घोळ झालाय. नोकरी राहिली तर भेटू.'

तिचं नाव इथे छापायचं नाही, असं तिने आधीच बजावलंय. तेव्हा आपण तिला 'ती'च म्हणू. ती जन्मापासून अंध आहे आणि घरी बसून एका कंपनीचे अहवाल, मेल, प्रेझेंटेशन्स एडिट करते. तिचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही आमच्यापेक्षा शुद्ध. लॅपटॉप तिच्याशी बोलतो तो इतक्या वेगात, की आपल्याला वाटावं टेप अडकली!

तर त्या दिवशी साहेबांची मेल आली. खाली क्लायंटला पाठवायचा मसुदा आणि वर साहेबांची एक खासगी ओळ : 'हा माणूस पैसे द्यायची वेळ आली की नेमका गावाला जातो.' हिने मसुदा सिलेक्ट केला, कॉपी केला, पेस्ट केला आणि पाठवून दिला. मसुद्याबरोबर वरची ओळही गेली. दहा मिनिटांत क्लायंटचं उत्तर हजर : 'मी सध्या पुण्यातच आहे.'

आज आपण या किश्श्यावर पोट धरून हसतो. पण सोमवारी साहेबांनी सांगितलं की यापुढे तिची प्रत्येक मेल आधी दुसरं कुणीतरी 'डोळ्यांखालून घालेल', मगच बाहेर जाईल. नोकरी वाचली, पण पाच वर्षं जे काम ती एकटीने करत होती त्यावर आता पहारा बसला. 'ओरडले असते तरी चाललं असतं गं,' ती म्हणाली. 'पण माझ्या कामावर माझीच सही चालत नाही, हे झेपत नाहीये.'

निळा रंग आणि नुसता आवाज

चूक झाली कशी? ते समजायला आधी एक छोटी गोष्ट ध्यानात घेऊ. आपण मजकूर सिलेक्ट करतो तेव्हा त्यावर निळा पट्टा येतो. सुरुवात कुठे, शेवट कुठे, सगळं एका नजरेत. तिला हा पट्टा दिसत नाही. ती कर्सर सुरुवातीला नेते, शिफ्ट दाबून धरते आणि खालचा अ‍ॅरो दाबत जाते. प्रत्येक दाबाला जो नवा तुकडा जोडला जातो, तो स्क्रीन रीडर वाचतो आणि पुढे 'सिलेक्टेड' म्हणतो. दोन ओळींना हे ठीक. पण चाळीस ओळींचा मसुदा असला की चाळीस वेळा दाब, आणि बोट शिफ्टवरून जराही हलवायचं नाही!

त्या दिवशी नेमका तिसाव्या ओळीला कुरिअरवाला बेल वाजवून गेला. बोट सुटलं, पुढचा अ‍ॅरो दाबला गेला आणि सगळं सिलेक्शन पुसलं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी घाईत कर्सर एक ओळ वर राहिला. शेवट तिने दोनदा तपासला, पण सुरुवात? ती मागे राहून गेली होती. निळा पट्टा असता तर क्षणात कळलं असतं. मजकूर बराच मोठा असेल तर स्क्रीन रीडर तो पूर्ण वाचतही नाही, एकूण किती अक्षरं सिलेक्ट झाली तेवढा आकडा सांगतो. त्या आकड्यात साहेबांची एक ओळ कुठे ओळखू येणार?

खुणेचा फंडा

ती वापरते तो स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने २००६ मध्ये तो सुरू केला, पुढे जेम्स टेह त्याच्या जोडीला आला. दोघेही अंध. प्रोग्राम फुकट आणि त्याचा कोडही सर्वांसाठी खुला. त्याच्या आधीपासून जॉज हा विकत मिळणारा दादा स्क्रीन रीडर बाजारात होताच, आजही आहे. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत ४०.५ टक्के लोकांनी जॉज आणि ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीए आपला मुख्य स्क्रीन रीडर असल्याचं सांगितलं. म्हणजे फुकटचं म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत!

तर या एनव्हीडीएमध्ये शिफ्ट दाबून न धरता सिलेक्ट करायची सोय आहे. सुरुवातीला जायचं आणि एनव्हीडीए की बरोबर एफ ९ दाबायचं. खूण बसली. मग हात मोकळे! हवं तसं फिरा, पुढचा परिच्छेद ऐका, शोधा, कुरिअर घेऊन या. शेवटाला पोचलात की एनव्हीडीए की आणि एफ १०. एकदा दाबलं तर मधला मजकूर सिलेक्ट होतो, पाठोपाठ दोनदा दाबलं तर कॉपी. खुणेची जागा बरोबर आहे का, अशी शंका आली तर एनव्हीडीए, शिफ्ट आणि एफ ९. कर्सर थेट सुरुवातीच्या खुणेवर जातो आणि तिथे काय आहे ते ऐकता येतं. तिच्या घोळावरचं औषध नेमकं हेच होतं.

'मग आधीच का नाही वापरलंस?' आम्ही विचारलं. तिने लॅपटॉप पुढे सरकवला. 'दाबून दाखव.'

एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक. तिच्या छोट्या लॅपटॉपवर स्वतंत्र इन्सर्ट नाहीच, म्हणून कॅप्स लॉक. वरच्या रांगेतली एफ ९, एफ १० ही बटणं आवाज आणि ब्राइटनेससाठी राखलेली, त्यामुळे सोबत एफएन हवं. म्हणजे एफएन, कॅप्स लॉक आणि लांबवरचं एफ १०, तेही पटकन दोनदा. आमच्यातल्या तिघांनी प्रयत्न केला. एकाने आवाज बंद केला, दुसऱ्याने स्क्रीन काळी केली. स्क्रीन काळी झाली ते फक्त तिला कळलं नाही आणि तिलाच त्याचं सगळ्यात जास्त हसू आलं!

कंसात घ्या!

मग तिने काय केलं? कीबोर्ड बदलला नाही, बटणांचा अर्थ बदलला. एनव्हीडीएच्या प्रेफरन्सेस मेनूत 'इनपुट जेश्चर्स' नावाची खिडकी असते. तिथे प्रत्येक आज्ञा आणि तिचं बटण यांची यादी असते. वर शोधायची चौकट. हवी ती आज्ञा निवडा, 'अ‍ॅड' दाबा, नवी बटणं दाबा, ओके. टेबल टेनिसची रॅकेट पकडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

तिला हवे होते कंस. उघडता कंस म्हणजे सुरुवात, मिटता कंस म्हणजे शेवट. लक्षात ठेवायला सोपं आणि हाताशीही जवळ. पण एनव्हीडीएच्या लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए की बरोबरचे हे चौकोनी कंस आधीच माऊसचं डावं-उजवं क्लिक म्हणून बुक झालेले. काही हट्टी वेबसाइट्सवर तिला ते लागतात. मग तिने मध्ये शिफ्ट घातलं. कॅप्स लॉक, शिफ्ट आणि कंस. तिच्या मशीनवर ही जागा रिकामी होती, हे तिने आधी दाबून तपासलं. एनव्हीडीए की आणि १ दाबलं की 'इनपुट हेल्प' सुरू होते. मग कुठलंही बटण दाबा, ते काय करतं हे फक्त सांगितलं जातं, घडत काहीच नाही. पुन्हा तेच दाबलं की बंद.

खुणेवर परत जायची आज्ञाही तिने अशीच एका सोयीच्या जागी हलवली. आता तिचा नियम पक्का आहे : सुरुवातीची खूण, शेवट, मग परत सुरुवातीला जाऊन एक ओळ ऐकायची, मगच कॉपी. पेस्ट झाल्यावरही पहिली आणि शेवटची ओळ वाचून घ्यायची. पाच सेकंदांचं काम.

पुण्याचा हा पोरगा माहितीय?

बरं, 'बटणं माझी, मर्जी माझी' या कल्पनेचं एक मोठं नाव पुण्यातच वाढलंय. टी. व्ही. रामन. जन्म १९६५. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून त्यांनी गणित घेऊन पदवी मिळवली, मग आयआयटी मुंबई आणि तिथून थेट अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. गणिती सूत्रं आवाजातून कशी ऐकवायची, यावर त्यांनी पीएचडी केली. १९९४ च्या त्या प्रबंधाचं नाव 'अ‍ॅस्टर', आणि त्यांच्या गाइड डॉगचं नावही तेच! त्यानंतर त्यांनी 'ईमॅक्सस्पीक' बनवलं. प्रोग्रामर्सचा लाडका एडिटर ईमॅक्स त्यामुळे बोलायला लागला. २००५ मध्ये ते गुगलमध्ये गेले.

ईमॅक्सची गंमत काय? तिथे कुठलंही बटण कुठल्याही कामाला लावता येतं. सिलेक्शनही खुणेनेच : कंट्रोल-स्पेस दाबून खूण ठेवा आणि पुढे चालू लागा. कंट्रोल-एक्स दोनदा दाबलं की कर्सर आणि खूण जागा बदलतात, म्हणजे दोन्ही टोकं तपासता येतात. आमच्या मैत्रिणीने कंसांत जे बसवलं, त्याच्याशी हे किती जुळतं बघा.

आणि कोथरूडला हे सगळं नवं थोडंच आहे? १९३४ पासून काम करणाऱ्या 'पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड' या संस्थेची मुलींची शाळा इथेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ५० लाखांहून जास्त लोकांची दृष्टीच्या अपंगत्वाची नोंद झाली. यातले कितीतरी तरुण आज आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसू शकतात. अट एवढीच, की कुणी 'यांना जमणार नाही' असं आधीच ठरवू नये.

मग पहाऱ्याचं काय झालं?

तीन महिने तिच्या प्रत्येक मेलवर सहकाऱ्याची नजर होती. त्या तीन महिन्यांत सिलेक्शनची एकही चूक निघाली नाही. उलट तिनेच त्या सहकाऱ्याच्या मेलमधला चुकून राहिलेला जुना परिच्छेद पकडला! मग एक दिवस ती साहेबांकडे गेली आणि त्यांच्यासमोर मेल उघडून, खूण लावून, तपासून दाखवली. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. पहारा त्याच आठवड्यात उठला.

परवा पुन्हा कर्वे रोडला भेटलो. या वेळी ती वेळेआधी हजर. बिल आलं तेव्हा आमच्यातला एक जण नेहमीप्रमाणे फोन घेऊन बाहेर सटकला. ती शांतपणे म्हणाली, 'हा माणूस पैसे द्यायची वेळ आली की नेमका गावाला जातो.'

ट्राय करा, पण जपून

• नवं बटण ठरवताना त्यात एनव्हीडीए की ठेवाच. नुसतं कंट्रोल-शिफ्ट-सी घेतलंत, तर दुसऱ्या प्रोग्राममधलं त्या बटणाचं काम बंद पडेल.

• आधी एनव्हीडीए की आणि १ ने तपासा, जागा रिकामी आहे का.

• बटण जोडताना ते फक्त लॅपटॉप मांडणीसाठी की सगळ्या मांडण्यांसाठी, हेही विचारलं जातं. ऑफिसात मोठा कीबोर्ड लावत असाल तर विचार करून निवडा.

• तुमचे बदल एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये 'जेश्चर्स डॉट आयएनआय' या फाइलीत राहतात. नवा लॅपटॉप घेताना ती सोबत न्या.

• सगळा गोंधळ झाला? त्याच खिडकीत मूळ मांडणीवर परत जायचं बटण आहे.

• वर्ड वापरता? एफ ८ दाबा, शिफ्ट न धरता सिलेक्शन सुरू. पुन्हा दाबत गेलात तर शब्द, वाक्य, परिच्छेद आणि शेवटी अख्खं डॉक्युमेंट. थांबायला एस्केप. डोळस मंडळींनाही चालतं, बरं का!