थांबायलाही जनुक लागतं

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्या दिवसाच्या भाषणांत आणि पत्रकांत एक वाक्य हमखास असतं: कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. ते खोटं नाही. पण ते ऐकून वाटतं, पेशीला कुठून तरी जास्तीचा जोर आला. तिचं थांबणंही सुटलेलं असतं, हे कुणी सांगत नाही. आणि पेशीचं थांबणं म्हणजे नुसतं बंद पडणं नव्हे.

क्ष-किरण लागले की पेशींचं विभाजन थबकतं, हे फार जुनं निरीक्षण. डीएनए तुटला, यंत्र अडकलं, असा त्याचा सरळ अर्थ लावता येत होता. टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी १९८८ साली तो खोडून काढला, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, पाव फुगवायच्या यीस्टवर.

या यीस्टच्या पेशीला कळी फुटते. कळी वाढत जवळपास आईएवढी झाली की सूक्ष्मदर्शकाखाली ती जोडी दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते. किरणांचा मारा खाल्लेली निरोगी पेशी याच अवस्थेत थांबते, काही तास तशीच बसते आणि डीएनए सांधून झाला की पुढे विभागते. किरणांना हळव्या असलेल्या यीस्टच्या जाती तेव्हा आधीच ठाऊक होत्या. त्या तपासताना रॅड९ हे जनुक बिघडलेल्या पेशी वेगळ्या निघाल्या. त्या शेंगेपाशी थांबतच नव्हत्या. तुटक्या डीएनएसकट विभागत राहिल्या, छोटासा पुंजका केला आणि मेल्या.

इथवर कुणीही म्हणेल, यांना दुरुस्तीच जमत नसणार. पुढचा प्रयोग मी कितीदा वाचला तरी हरखून जातो. किरण दिल्यावर याच बिघडलेल्या पेशींना एका रसायनात ठेवलं. गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागेच त्या रसायनामुळे तयार होत नाहीत, त्यामुळे पेशींना सक्तीनं थांबावं लागलं. काही तासांनी रसायन धुऊन टाकलं, आणि मरायला हव्या होत्या त्यांतल्या पुष्कळ पेशी जगल्या! दुरुस्तीची हत्यारं त्यांच्याकडे शाबूतच होती, नव्हता तो फक्त वेळ. रॅड९चं काम मुळात सांधायचं नाहीच, विभाजन रोखून धरायचं आहे. पुढच्याच वर्षी दोघांनी या व्यवस्थेला ‘चेकपॉइंट’, म्हणजे तपासणी नाका, म्हटलं. पेशीचक्रावरच्या कामासाठी हार्टवेल यांना २००१चं नोबेल विभागून मिळालं.

आपल्या पेशीत असा नाका सांभाळणारं सर्वांत प्रसिद्ध प्रथिन म्हणजे पी५३. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. अर्ध्याएक तासात निम्मं संपतं. उधळपट्टी वाटेल, पण त्यातच खुबी आहे. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की एटीएम नावाचं प्रथिन जागं होतं, त्याचा निरोप जातो आणि पी५३चं मोडणं थांबतं. बनवणं चालूच असल्यानं ते भराभर साचतं. मग त्याच्या हुकमावरून पी२१ तयार होतं, आणि पी२१ विभाजन पुढे रेटणाऱ्या एन्झाइमना जखडून ठेवतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुक बिघडलेलं सापडतं.

आपल्याकडे ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात, त्या किरणोपचाराचा हिशेबही इथेच येतो. नेहमीच्या २ ग्रेच्या एका मात्रेनं प्रत्येक पेशीत साधारण ७०-८० ठिकाणी डीएनएचे दोन्ही पदर तुटतात. परळच्या टाटा रुग्णालयापासून कुठेही, सगळी मात्रा एकदम न देता कित्येक आठवडे विभागून का देतात, याचं एक मोठं कारण म्हणजे मधल्या तासांत निरोगी पेशींना सावरायला मिळतं. जन्मतःच एटीएम बिघडलेल्या मुलांना ही सवलत नसते. इतरांना झेपणारी मात्रा त्यांच्या जिवावर बेतू शकते. एटीएमचं जनुक १९९५मध्ये हाती लागलं, तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या प्रयोगशाळेत.

आता नाका मोडायचीच औषधं घडवली जात आहेत, आणि मला या कल्पनेचं मनापासून कौतुक आहे. पी५३ गमावलेली गाठ विभाजनाच्या ऐन तोंडावरच्या दुसऱ्या नाक्यावर जास्तच विसंबते. तिथला एक पहारेकरी म्हणजे वी१. पॉल नर्स यांना तो एडिंबरात दुसऱ्या एका यीस्टमध्ये सापडला. तो बिघडला की पेशी लहान असतानाच विभागते, म्हणून चिमुकलं या अर्थाचा तिथला बोलीतला शब्द त्याचं नाव झाला. वी१ दाबला की तुटक्या डीएनएची गाठ अवेळी विभाजनात ढकलली जाते आणि मरते, अगदी रॅड९ नसलेल्या यीस्टसारखी. मात्र अस्थिमज्जेतल्या पेशीही याच नाक्यावरून जातात. त्यामुळे रक्तपेशी घटतात, आणि औषध किती द्यायचं, मध्ये किती दिवस सोडायचे, हा या औषधांच्या चाचण्यांतला कळीचा प्रश्न होऊन बसला आहे.