जांभा, वीट, वाळू : पैसे मोजण्याआधी पारख करा



सुगी आटोपून हातात चार पैसे आले की घराची, गोठ्याची कामे निघतात. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. बांधकामाचा माल मात्र ट्रॅक्टर दारात रिकामा झाल्यावर पाहतो. खराब माल लगेच दगा देत नाही. दोन-चार पावसाळ्यांनी भिंत खचते, तेव्हा तिच्या आडोशाला जनावरे असतात, कधी लेकरेही. म्हणून घरीच करता येतील अशा काही परीक्षा आम्ही येथे देत आहोत.

जांभा : बीदर-हुमनाबादच्या पठारावर लाल जांभा पुष्कळ आहे. बीदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक याच खडकात कोरलेला आहे. खाणीतून निघतो तेव्हा जांभा मऊ असतो, म्हणून सहज कापता येतो. हवा लागून सुकला की तो कठीण होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत बसवू नये. निदान ३ महिने उघड्यावर रचून ठेवावा.

जांभ्यात छिद्रे असतात. पाणी त्यांतून झिरपते आणि खालच्या काळ्या कातळावर अडते. बीदरजवळच्या नौबादची जुनी सुरंगबावी याच पाण्यावर चालत असे. पण विहिरीला जो गुण, तोच ओल्या पायाला दोष. तेव्हा पायाला व जोत्याला काळा दगड आणि वरच्या भिंतीला जांभा वापरावा.

परीक्षा अशी : सुका चिरा काट्यावर तोलावा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. वजन शेकडा १२ पेक्षा जास्त वाढू नये. म्हणजे २५ किलोचा चिरा २८ किलोच्या वर गेला, तर तो भिंतीला घेऊ नये.

वीट : दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. १ मीटर उंचीवरून टाकली तर फुटू नये. साध्या विटेला पाण्याची परीक्षा शेकडा २० पर्यंत चालते; ३ किलोची वीट भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहावी.

वाळू : काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घ्यावी. वर पाणी व चमचाभर मीठ घालून जोरात हलवावे आणि ३ तास स्थिर ठेवावे. वाळूवर गाळाचा थर बसेल. वाळू १० सेंटिमीटर असेल तर थर ८ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. गाळ जास्त असला तर सिमेंट वाळूला घट्ट धरत नाही. अशी वाळू धुऊन घ्यावी किंवा परत करावी.

एकच नमुना पाहून भुलू नये. ढिगाच्या वरून, मधून व खालून माल काढावा. काटा, बादली आणि बाटली, एवढेच सामान लागते. गवंड्याला समोर बसवून ही परीक्षा करावी आणि मगच पैसे मोजावेत.